बागेतल्या साखळ्या आणि आमचे रोट

फाटकातूनच मला माझी धाकटी जाऊ दिसली. दिसली म्हणजे आधी तिची पाठ दिसली, पण लग्न होऊन एका घरात आल्यापासून जी पाठ बघत आले ती मी ओळखणार नाही का? मी रिक्षावाल्याला म्हटलं, बाबा, जरा थांब, मला परत जायचंय. त्याने ऐकलं नाही. सुटे हातावर ठेवून तो गेला निघून. आणि मी तिथे, नवी चप्पल घालून, ओल्या मातीत उभी.

मला फसवून बोलावलं होतं. फसवणारी माझ्या पुतण्याची, म्हणजे याच जावेच्या मुलाची, बायको. पुतण्या कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसतो, तिथेच ही त्याला भेटली. सुरतेचीच, गुजराती घरातली. पोरगी गोड आहे, मला मोटी मम्मी म्हणते. आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, मोटी मम्मी, बागेत नवीन गेम आला आहे, तबकडी टोपलीत टाकायची, तुम्ही या ना, पाय मोकळे होतील. मी म्हटलं, बरं. आणखी कोण येणार ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

आता आधी हे सांगते की जावेची पाठ बघून मी परत का निघाले होते.

आमच्या खानदेशात कानबाई बसते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. नारळाला नथ घालायची, साडी नेसवायची, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर पोचवायची. गिरण्यांमागे माणसं सुरतेला आली तशी कानबाईही आली. आमच्या बमरोलीत त्या दिवसांत गल्लोगल्ली ढोल. पण देवीपेक्षा कडक असतात ते रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, घरच्या जात्यावर दळायचा, आणि त्या पिठाचा जो स्वयंपाक होतो, पुरणपोळी, खीर, सगळं, ते रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्या माणसाला त्यातला घासही द्यायचा नाही. सगळे पौर्णिमेच्या आत संपवायचे.

मागच्या वर्षी माझ्या घरी नैवेद्य झाला, पंगत बसली, आणि मी खीर घेऊन बाहेर आले तर माझ्या जावेची विहीण ताटावर बसलेली. म्हणजे त्या गुजराती सुनेची आई. जावेने तिला हाताला धरून बसवलं होतं आणि ताट वाढलं होतं. विहिणीचा हात पोळीला लागणार तेवढ्यात मी ताट उचललं. सगळ्यांच्या देखत. म्हटलं, हे तुमच्यासाठी नाही. ती बाई उठली, पदर सारखा केला आणि चप्पल घालून निघून गेली.

मला त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. ताट उचललं नसतं तर रोट बाटले असते. पण जावेने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. आणि यंदा आषाढ लागल्यावर तिने माझ्या मालकांना फोन करून सांगितलं की या वर्षापासून आमचे रोट वेगळे.

खानदेशातल्या बायकांना याच्यापुढे काही सांगावं लागणार नाही. बाकीच्यांना सांगते. भावाभावांच्या चुली वेगळ्या होतात, गावं वेगळी होतात, कोर्टात जातात, तरी रोट एक असले तर भावकी शाबूत असते. रोट एकदा वेगळे झाले की पुन्हा एक झालेले मी पाहिले नाहीत. आणि माझी गोष्ट अशी की मला मुलगा नाही. एक लेक आहे, ती तिच्या घरी नांदते. माझ्यामागे कानबाई जाणार ती पुतण्याच्या घरी, म्हणजे त्या गुजराती पोरीच्या हातात. रोट वेगळे झाले तर जाऊ आपल्या घरी नवी कानबाई बसवेल आणि माझ्या सासूकडून आलेली कानबाई माझ्याबरोबर संपेल. एवढं सगळं मला कळत होतं. तरी माफी मागायला माझी जीभ वळत नव्हती, कारण मागण्यासारखं मी काही केलं नव्हतं.

तर अशी मी फाटकात उभी. सून धावत आली, माझा हात धरला आणि मला आत ओढलं. बाकावर आणखी एक बाई बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली, नजर समोरच्या झाडावर. विहीण. मी सुनेच्या कानाशी म्हटलं, पोरी, तुला दुसरा धंदा नाही का? ती म्हणाली, "मोटी मम्मी, एक गेम. फक्त एक. मग ज्याला जायचं त्याने जावं."

जावेला पण तसंच फसवलेलं असावं, कारण तिचं तोंड कारल्यासारखं झालं होतं. माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाली, "त्यांना सांग, आम्ही आधी आलोय."

बाग तशी बरी होती. एका कडेला कापड रंगवायच्या मिलची भिंत, रविवार म्हणून भोंगा नाही, पण वास होताच, तो काय रविवार पाळत नाही. गवत पावसाने गुडघ्याला लागेल इतकं वाढलेलं, मधून कापलेल्या वाटा. आणि त्या वाटांच्या टोकाला लोखंडी खांब रोवलेले. खांबाला वरून साखळ्या सोडलेल्या, आपल्याकडे झोक्याला असतात तशा, आणि खाली जाळीची टोपली. सिमेंटच्या छोट्या ओट्यावर उभं राहून तबकडी फेकायची, साखळ्यांवर आपटली की ती टोपलीत पडते. नाही पडली तर जिथे पडली तिथून परत. कमी फेकीत जो टाकेल तो जिंकला. अशा नऊ टोपल्या. सगळं जवळजवळ, म्हाताऱ्यांना आणि पोरांना जमेल असं. एका टोपलीत कोणीतरी देवाचा वाळलेला हार आणून ठेवला होता. आपल्या लोकांना खांब आणि टोपली दिसली की निर्माल्य आठवतं, त्याला कोण काय करणार.

मग सुनेने जोड्या पाडल्या. मला वाटलं होतं मला जावेबरोबर घालेल. पण ही पोरगी पुढची निघाली. तिने मला तिच्या आईबरोबर घातलं आणि स्वतः सासूबरोबर राहिली. जोडीचा नियम असा की दोघींनी फेकायचं, ज्या तबकडीचं बरं पडलं ती ठेवायची, दुसरीची उचलायची, आणि पुढची फेक दोघींनी तिथूनच करायची. म्हणजे पावलोपावली दोघींना ठरवावं लागणार, तुझी का माझी. विहीण उठली, बाटली बाकावर ठेवली आणि गुजरातीत लेकीला काहीतरी बोलली. मला एवढंच समजलं की यापेक्षा मी घरी कपडे धुतले असते.

पहिली फेक माझी. आता बघा, हाताला जी सवय असते तीच हात करतो. आम्ही पोळी लाटत नाही, हातावर वाढवतो. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि उलट्या खापरावर अलगद सोडायचा. गोल चपटी वस्तू हातात आली आणि मी तेच केलं. दोन्ही तळहातांवर घेतली आणि पुढे सोडली. तबकडी माझ्याच पायाशी पडली, पट्‌कन, पोळीसारखी.

जाऊ हसली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिचं हसू ऐकलं आणि ते माझ्यावर होतं. सुनेला म्हणाली, "त्यांना सांग, खापर घरी राहिलं."

मग ती ओट्यावर चढली. आणि तिने पण दोन्ही हातांवरच सोडली. तिची तर ओट्याखालीही गेली नाही. मी नुसती बघत राहिले, आणि मला माहीत आहे की ते तिला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

विहिणीने मात्र एका हाताने, कंबरेतून वळून, अशी फेकली की तबकडी वाटेच्या मधोमध जाऊन पडली. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. माझी तबकडी पायाने बाजूला सारली आणि आपल्या तबकडीपाशी जाऊन उभी राहिली. पायाने सारली. मी ती उचलली, पदराला पुसली, आणि मनात म्हटलं, बरं.

पहिल्या चार टोपल्या अशाच गेल्या. जाऊ फेकायच्या आधी टोमणा मारायची, सुनेमार्फत. त्यांना सांग, फेकायचं असतं, हिसकायचं नसतं. त्यांना सांग, ही तबकडी आहे, ताट नाही. मी पण सुनेला सांगायची. तुझ्या सासूला सांग, निशाण समोर आहे, भाऊबंदांच्या डोक्यावर नाही. बिचारी पोरगी दोघींच्या मधे, आधी सगळं इकडून तिकडे सांगायची, मग तिने सोडून दिलं, तसंही आम्हाला ऐकू येतच होतं. बाजूला एक जोडपं पळायला आलं होतं, त्यांनी आमची वाट सोडली आणि लांबून वळसा घेतला.

विहिणीचं मात्र मला जास्त बोचत होतं. प्रत्येक वेळी ती मला न विचारता तिची तबकडी ठेवायची आणि माझी ढकलायची. पाचव्या टोपलीला मात्र माझी बरी पडली. मी आतापर्यंत बघून बघून मनगट वळवायला शिकले होते. माझी तबकडी टोपलीच्या जवळ, तिची लांब गवतात. तरी ती तिच्या तबकडीपाशी जाऊन उभी राहिली.

मी विहिणीला त्यांच्याच शब्दात म्हटलं, वेवाण, माझी जवळ आहे.

ती हलली नाही.

मी पुन्हा म्हटलं. मग ती वळली, आणि जे बोलली ते तबकडीबद्दल नव्हतं. तिने वर्षभर धरून ठेवलेलं असावं, कारण एका दमात आलं. म्हणाली, "मारी दीकरी तमारी के नहीं? एटलुं बोलो."

माझी मुलगी तुमची आहे की नाही, तेवढं सांगा. पुढचं तिने अर्ध्या हिंदीत सांगितलं. तुम्ही माझ्या पुढचं ताट उचललंत ते माझ्या मुलीच्या सासरी. तिच्या शेजारी बसलेली मी, तिची आई. मग माझी मुलगी तिथे कोण? उद्या तिच्याही पुढचं उचलाल. मी रात्र रात्र तेच बघते.

जाऊ आणि सून पलीकडे थांबल्या होत्या. सुनेच्या हातात तबकडी तशीच राहिली.

मला राग आला होता, तो काही गेला नाही. मी माझ्या मोडक्या गुजरातीत, मधे हिंदी घालून, तिला सांगितलं. "तुमची पोरगी आमची, म्हणून तिचं ताट होतं. ते मीच वाढलं होतं. तुम्ही पाहुण्या, म्हणून तुमचं नव्हतं. माझी स्वतःची लेक त्या दिवशी आतल्या खोलीत बसून वेगळ्या पिठाची भाकरी खात होती. तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या कुळाची झाली. रोट तिलाही नाहीत."

ती हळूच म्हणाली, पोटच्या लेकीला पण नाही?

नाही, म्हटलं. तिच्या लग्नाच्या वर्षापासून नाही. पहिल्या वर्षी ती रडली होती. तरी मी तिला रोट दिले नाहीत.

विहीण गवतातच उभी राहून काहीतरी जुळवत होती. मग तिने लेकीला विचारलं आणि लेकीने मान हलवली. आणि विहिणीने मला सांगितलं की त्यांच्यातही नवरात्रात कुळदेवीचं निवेद असतं, ते घरचेच खातात, परणलेल्या, म्हणजे लग्न झालेल्या, मुलीला देत नाहीत. ही मुलगी सासरी गेली तेव्हापासून तिलाही दिलेलं नाही. मग म्हणाली, "मने कोईए कीधुं ज नहीं." मला कोणी सांगितलंच नाही की हे तसलं जेवण आहे. मला तर जेवायला बोलावलं होतं.

आणि हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. जावेकडे बघत होती.

विहीण सरळ जावेसमोर जाऊन उभी राहिली आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना? मग मला का बसवलंत?

मला वाटलं जाऊ आता वळेल आणि निघून जाईल. तिची तशी रीत आहे. पण ती थांबली, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे तोंड करून सांगितलं, जरी विचारलं विहिणीने होतं.

"बसवलं. कारण त्या घरात मी आजवर कोणाला बसवलेलं नाही. कोण कुठे बसेल ते तुम्ही ठरवता. मीठ किती ते तुम्ही ठरवता. मुठी तुम्ही मोजता, माझ्या नवऱ्याची, माझ्या पोराची. माझी एक पाहुणी मी माझ्या हाताने बसवली, तर तेही तुम्ही उठवलं."

मी म्हटलं, पाहुणी बसवायला वर्षात दुसरे दिवस नव्हते का?

ती म्हणाली, "बाकीच्या दिवसांत तुमच्या घरात आम्ही बोलावलेले असतो कधी?"

याला उत्तर माझ्याकडे होतं, पण ते सुनेसमोर द्यायचं नव्हतं. असो. तेही तिथेच राहिलं.

विहिणीने मात्र सोडलं नाही. बाई धंद्याच्या घरातली, गोष्ट अर्धवट ठेवणारी नव्हे. तिने जावेला विचारलं की हे रोट वेगळे करायचं माझ्यासाठी चाललं आहे का? जाऊ म्हणाली, तुमच्या अपमानासाठी. विहीण म्हणाली, माझा अपमान मी बघून घेईन. मी मुलगी दिली तेव्हा मला सांगितलं होतं की मोठं घर आहे, जेठ-जेठाणी आहेत, म्हणजे मोठे दीर आणि जाऊ, देवीला सगळे एकत्र बसतात. आता तुम्ही तोडलं तर माझी मुलगी पंगतीला कोणाबरोबर बसेल? तुम्ही दोघं आणि ती दोघं? मग त्याला पंगत कशाला म्हणायचं, ते तर रोजचंच जेवण झालं.

माझ्या जावेचं भांडण ज्या बाईच्या नावाने होतं, त्याच बाईने ते तिच्या हातातून काढून घेतलं होतं. मला त्या वेळी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तो फार टिकला नाही, कारण विहीण लगेच माझ्याकडे वळली.

म्हणाली, आणि तुम्ही. रीत बरोबर होती. पण ताट उचलायच्या आधी माणूस दोन शब्द बोलतो. मला बाजूला बोलावलं असतं तर मी स्वतः उठले असते. मला कुत्रं समजून हाकललंत.

मी म्हटलं, वेळ नव्हता, तुमचा हात पोळीवर होता.

ती म्हणाली, हात थांबतो. शब्द बोलला की हात थांबतो.

मग आम्ही खेळलो. हसू नका, खरंच खेळलो. चार टोपल्या उरल्या होत्या आणि एकीलाही पहिली बाहेर पडायचं नव्हतं. विहीण आता माझी तबकडी जवळ असली तर माझी ठेवायची, पण तोंडाने बोलायची नाही, नुसतं बोटाने दाखवायची. मी पण बोटानेच. जाऊ जोरात फेकायची, इतक्या जोरात की एकदा तबकडी साखळ्यांवर आपटून उलटी आली आणि तिच्याच नडगीवर बसली. मी तोंड दुसरीकडे केलं. सून म्हणाली, मम्मी, लागलं का? जाऊ म्हणाली, काही नाही, फेक तुझी.

आठव्या टोपलीला विहिणीने मला, पुन्हा बोटानेच माझ्या चपलेकडे दाखवून, सांगितलं की पट्टा तुटलाय. मी चप्पल काढून हातात घेतली आणि अनवाणी फेकली. गवत ओलं होतं, मुंग्या होत्या, पण उभं राहता आलं नीट. ती फेक माझी त्या दिवसातली सगळ्यात बरी फेक. साखळ्या वाजल्या आणि तबकडी टोपलीत जाऊन बसली. विहिणीने जाऊन तबकडी काढली आणि माझ्या हातात दिली. पायाने नाही सारली. एवढंच.

शेवटची टोपली फाटकाजवळ होती. कोण जिंकलं ते सुनेने मोजलं होतं, पण कोणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही. ऊन चढलं होतं. सुनेने रिक्षा थांबवली, आधी विहिणीला बसवलं. विहिणीने मला नमस्कार केला नाही. मीही केला नाही. पण रिक्षात बसता बसता लेकीला म्हणाली, मला ऐकू जाईल असं, की येत्या रविवारी नाही, पण देवी उठल्यावर मंगळवारी मला या जेठाणीच्या हातची ती हातावरची पोळी खायची आहे, साधी, देवीची नाही. आणि बोलावणं तिनेच करायचं. तुझ्या सासूने नाही.

मी म्हटलं, करीन. ते करीन म्हणताना माझ्या दाढा आवळलेल्या होत्या, तिलाही दिसल्या असतील.

रिक्षा गेली. सून पाण्याची बाटली आणायला बाकाकडे परत गेली. फाटकात आम्ही दोघी राहिलो, मी एका हातात चप्पल घेऊन, ती नडगी चोळत. ती रस्त्याकडे बघत होती. मी पण. मला विचारायचं होतं आणि मी विचारणार नव्हते.

मग ती बोलली. सुनेमार्फत नाही, आणि शुद्ध मराठीतही नाही, आमच्या घरातल्या अहिराणीत, जी आम्ही भांडतानाच बोलतो.

"गहू मी निवडीसन आनसू. तुमना निवडेल मा खडा ऱ्हातस."

गहू मी निवडून आणीन, तुमच्या निवडलेल्यात खडे राहतात. माझ्या गव्हात खडा राहिला असं आजवर कोणी म्हणू शकलेलं नाही. आणि ते तिला माहीत आहे. पण तिने आणायचे तर ते माझ्याच जात्यावर येणार होते, माझ्याच घरी, माझ्या गव्हाबरोबर. मी तिला खड्यांवरून काही सुनावलं नाही. फक्त म्हटलं, शनिवारी सकाळी आण, उशीर करू नको, दळायला माझा एकटीचा हात चालत नाही.

ती म्हणाली, "माले माहीत शे."

आणि पलीकडच्या बाजूची रिक्षा थांबवून, मला न विचारता, तिने तिच्या वाटेने जायला सुरुवात केली.